बायको धावली, मी खांबासारखा उभा राहिलो

डॉक्टरबाई, नमस्कार. मी ४३ वर्षांचा आहे. सोलापुरात पूर्व भागात राहतो, यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागांची देखभाल करतो. दसऱ्याच्या आठवड्यात एका रात्री जेवणं आटपली आणि स्वयंपाकघरात गॅसच्या पाइपनं पेट घेतला. मी दारातच होतो, तीन पावलांवर. सूंऽऽ असा आवाज येत होता. निळी ज्योत, तिच्या टोकाला पिवळा झोत, सगळं दिसत होतं, पण पाय हलेनात. तोंडातून शब्द फुटेना. बायकोनं मोरीत भिजत घातलेली चादर ओढली, पाणी टपकत असतानाच सिलिंडरवर टाकली आणि हात घालून रेग्युलेटर बंद केला. आमची नऊ वर्षांची मुलगी माझ्या मागं उभी राहून हे बघत होती. कुणाला काही झालं नाही. ओट्याच्या फरशीवर काळा डाग राहिला, तेवढंच.

तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली, बसनं ब्रेक मारताना हवा सोडली, की छाती धडधडते. तोंड कोरडं पडतं, बोटांना मुंग्या येतात. पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. पोट कायम बिघडलेलं. दिवाळीत बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा मी मोरीत नळ सोडून बसलो होतो. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, शुगर, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मेव्हण्यानं त्याची झोपेची गोळी दिली, अल्प्राझोलाम, रोज अर्धी घेतो, दीड महिना झाला. त्यात कारखाना आठवड्यातून चारच दिवस चालतो, हप्ते थकलेत. आणि बायको पाहुण्यांत हसून सांगते, "मी धावले, हे खांबासारखे उभे!" मला आजार आहे की मी भित्रा आहे, एवढं सांगा. आणि गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, मुलीला दारूकाम (आतषबाजी) बघायला दरवर्षी मीच नेतो. यंदा जमेल का?

(पूर्व भागातला एक वाचक)

नमस्कार.

पहिल्यांदा त्या अर्ध्या गोळीचं बोलू. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

अल्प्राझोलाम मेव्हण्याच्या खिशातून घ्यायची नसते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, थोडे दिवस, ठरावीक कारणासाठी देतात. रोज घेतली की काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते आणि मग अर्धीची एक होते. शिवाय तुमच्यासारख्या भीतीवर ती टिकाऊ उपायही नाही. भीती रात्रीपुरती झोपवते, सकाळी ती तिथंच असते. पण म्हणून आजपासून एकदम बंदही करू नका. दीड महिन्यानंतर अचानक थांबवली तर धडधड, घाम, जागरण दुपटीनं परत येतं, क्वचित आकडीचे झटकेही येतात. डॉक्टरांना खरं काय ते सांगा, ते टप्प्याटप्प्यानं कमी करून देतील. तोवर गोळीवर दारू घ्यायची नाही, घोटभरही नाही. आणि सकाळी डोकं जड असेल त्या दिवशी चालू मागात हात घालायचा नाही. मेव्हण्याचा हेतू चांगला होता, मान्य. चांगल्या हेतूच्या मेव्हण्यांनी माझा दवाखाना बरीच वर्षं चालवला आहे.

आता त्या रात्रीकडे येऊ.

तुम्ही लिहिलेल्या तक्रारी वाचताना मला शाळेतला मराठीचा तास आठवला. तोंडचं पाणी पळणे. पोटात गोळा येणे. हातपाय गार पडणे. अंगावर काटा येणे. छातीत धस्स होणे. बोबडी वळणे. आपण हे 'वाक्यात उपयोग करा' म्हणून पाठ केलं. पुढं वैद्यकीय शिक्षण घेताना कळलं की यातला एकही वाक्प्रचार अलंकार म्हणून आलेला नाही. कुणीतरी भ्यालेलं माणूस नीट बघून तो तयार केलेला आहे.

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते, अमिग्डला. धोक्याची चाहूल लागली की ती खालच्या यंत्रणेला उठवते. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या दोन ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात आणि अक्षरशः काही सेकंदांत सगळ्या अंगाची कामं बदलतात. हृदय जोरात आणि भरभर चालतं. कातडीकडचं रक्त काढून मांड्यांच्या, दंडाच्या स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून हात गार आणि चेहरा पांढराफटक. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. जखम झालीच तर रक्त वाहून जाऊ नये म्हणून ते लवकर गोठायला तयार होतं. अंगावरचा प्रत्येक केस एका बारीक स्नायूनं ताठ उभा राहतो. आपल्या अंगावर आता दाट केस राहिले नाहीत, म्हणून काटाच तेवढा दिसतो. मांजराच्या अंगावर हेच झालं की ते दुप्पट मोठं दिसतं.

आणि पचन थांबतं. हे पहिल्यांदा कसं दिसलं ती गोष्ट मला फार आवडते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचा तरुण मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खायला घालून त्यांच्या पोटाची हालचाल क्ष-किरणांत बघत होता. त्याला अभ्यासायचं होतं पचन. पण मांजर घाबरलं, चिडलं, की पोटाच्या लाटा जागच्या जागी थांबायच्या. शांत झालं की पुन्हा सुरू. त्या अडथळ्याचाच त्यानं पुढं अभ्यास केला आणि १९१५ साली त्यातून 'लढा किंवा पळा' ही कल्पना जगासमोर आली. तुमचं पोट दोन महिने बिघडलेलं आहे ना? त्या मांजरांना विचारा.

तोंड कोरडं पडण्याचं तर आपल्याकडे न्यायदानात रूपांतर झालं होतं. जुन्या स्मृतिग्रंथांत तंडुल नावाचं एक दिव्य आहे. चोरीचा आळ आलेल्याला तांदूळ चघळून थुंकायला लावायचे. थुंकीत रक्त दिसलं, अंग कापायला लागलं, की तो दोषी. भ्यालेल्याच्या तोंडात लाळ उरत नाही, कोरडे तांदूळ हिरड्यांना ओरखडतात. निरीक्षण बरोबरच होतं. पण भीती निर्दोष माणसालाही वाटते, आणि आळ आला की जास्तच वाटते. त्याचं काय? तुमच्या घरात गेले दोन महिने हेच दिव्य चाललंय. शरीरानं भीती दाखवली, म्हणून तुम्ही दोषी. आणि न्यायाधीशाच्या जागी तुम्ही स्वतःच बसलाय.

कॅननच्या त्या चपखल शब्दांनी एक घोटाळाही करून ठेवला. लढला तो शूर, पळाला तो निदान शहाणा, आणि जो जागच्या जागी थिजला त्याला नावच नाही. प्रत्यक्षात थिजणं ही या दोन्हींइतकीच जुनी, शरीरात मुरलेली तऱ्हा आहे. आपल्याला लांब जायला नको, नान्नजचा माळ जवळ आहे. तिथं काळवीट आहेत आणि लांडगेही आहेत. काळविटाचं नवं पाडस लांडग्याशी लढू शकत नाही, पळून तर बिलकुल सुटू शकत नाही. ते गवतात अंग चोरून निपचित पडून राहतं. शिकाऱ्याची नजर हालचाल टिपते, न हलणारं ओलांडून पुढं जाते. अमेरिकेतल्या हरणांच्या पाडसांवर अभ्यास झालाय: अशा वेळी त्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा एकदम मंदावतात. माणसाच्या मेंदूच्या देठाजवळ हीच सोय शाबूत आहे. ती कधी चालू करायची हे तुम्हाला विचारून ठरत नाही. तुम्ही 'पळू की थांबू' असा विचार सुरू करायच्या आत ते होऊन गेलेलं असतं.

अशा थिजण्यात माणूस बधिर होतो असंही नाही. अंग ताठ होतं, डोळे-कान टवकारले जातात, धोक्याचा बारकावा टिपला जातो. तुमचंच पत्र पाहा. ज्योत निळी, टोकाला पिवळी, चादरीतून टपकणारं पाणी, आवाज कसा होता तोही. बायकोला विचारा, तिला ज्योतीचा रंग आठवतो का. बहुधा नाही आठवणार.

तुमच्या बायकोनं चेष्टेत वापरलेला शब्द मात्र मला थेट भरतमुनींकडे घेऊन गेला. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: घाम, रोमांच, आवाज चिरकणं, कंप, रंग उडणं, अश्रू, मूर्च्छा. हे सात झाले. यादीत पहिला आहे तो 'स्तंभ'. म्हणजे खांबच. आणि हे भाव अवघड का मानले? तर नटाला हात हलवता येतो, मान वळवता येते, पण अंगावर काटा मनात आलं म्हणून आणता येत नाही. जे मनात आणून येत नाही ते मनात आणून थांबवता कसं येईल? वहिनींना हे जरूर सांगा. मग पाहुण्यांत किस्सा सांगताना त्यांना दोन वाक्यं जास्तीची मिळतील.

इथं एक विषयांतर करते. अत्याचार झालेल्या बाईला आजही पहिला प्रश्न विचारतात, "ओरडली का नाहीस? प्रतिकार का नाही केलास?" तिचंही शरीर असंच थिजलेलं असतं. तिला स्वतःलाही ते कळत नाही आणि ती आयुष्यभर स्वतःला कोसत राहते. थिजण्याला नाव नसल्याची किंमत तुम्ही चेष्टा सोसून देताय, तिच्यासारख्या बायका फार मोठी देतात. म्हणून मी हे इतकं लांबवून सांगतेय.

मग बायको का नाही थिजली? ती जास्त शूर आहे म्हणून? असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण साधं कारण समोर आहे: त्या रेग्युलेटरवर तिचा हात वर्षानुवर्षं रोज पडतो. भीतीच्या लाटेत कपाळामागचा मेंदू, जो विचार करतो, पर्याय तोलतो, तो ढिला पडतो आणि हाताला जे आधीच पाठ आहे ते पुढं येतं. तिच्या हाताला पाठ होतं. तुमच्या हाताला त्या खोलीतलं काहीच पाठ नव्हतं, म्हणून तुमचं शरीर सगळ्यात जुन्या उपायावर गेलं. आता मला सांगा, मागावरून धोटा उडाला तर तुम्ही काय करता? खांबासारखे उभे राहता? पैज लावते, तुम्हाला कळायच्या आत मान खाली गेलेली असते आणि हात स्विचवर. तिथं वहिनी असत्या तर त्या खांब झाल्या असत्या. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, त्या उंच, जड काठ्या, पेलणारेसुद्धा यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात. श्रद्धा आहे म्हणून सराव टाळत नाहीत.

आणि वहिनींनाही काही झालं नाही, असं समजू नका. अशा माणसांचे हात नंतर कापतात, दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना, नाही तर आठवड्यानं न्हाणीत. त्यांचं ते हसून सांगणंसुद्धा मला थोडं त्यातलंच वाटतं. एकदा मुलगी झोपल्यावर शांतपणे विचारा, "त्या रात्री तुला काय झालं होतं?" आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नका.

आता, आग विझून दोन महिने झाले तरी छाती का धडधडते? ॲड्रेनलिन तर रक्तातून काही मिनिटांत उतरतं. पाठोपाठ येणारं ताणाचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, थोडं रेंगाळतं, तेही तास-दोन तासांत ओसरू लागतं. राहतो तो धडा. अमिग्डलानं त्या रात्री एकच गोष्ट घोकून घेतली: सूंऽऽ म्हणजे जाळ. कुकर सूं करतो, बस सूं करते. वेदान्त्यांची ती दोरी आणि तो साप तुम्हाला माहीत असेल. वेदान्ती म्हणतात, दोरीला साप समजणं हे अज्ञान. मेंदूचा हिशोब उलटा आहे: दोरीला साप समजून उडी मारली तर नुकसान काय, एक उडी, सापाला दोरी समजलात तर दुसरी संधीच नाही. म्हणून तो शंभरदा फुकट उडी मारायला लावतो. गंमत म्हणजे दिवसभर कारखान्यातली ती कान बधिर करणारी खटखट तुम्हाला जराही दचकवत नाही, कारण मेंदूनं ती 'माहितीतली' म्हणून सोडून दिलीय. मोठ्या आवाजाशी वैर नाही. त्या एका आवाजाशी आहे.

आणि तो धडा पुसायची संधी तुम्ही त्याला देत नाही. कुकर लागला की बाहेर जाता, फटाके लागले की नळ सोडता. त्या क्षणी बरं वाटतं, पण मेंदू नोंद करतो: पळालो म्हणून वाचलो, म्हणजे धोका खरा होता. पुढच्या वेळी भीती आणखी आधी येते.

त्यावर दुसरी भीती चढते, छातीत होणाऱ्या धडधडीची. तुम्ही नाडीवर बोट ठेवून बसता, श्वास उथळ आणि भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुंग्या आल्या की वाटतं, आला हृदयविकाराचा झटका. मग आणखी श्वास. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की बाकाच्या टोकावर बसून छाती चोळणारा पेशंट लांबून ओळखू यायचा. तरीही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चालताना, जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम आला, धाप लागली, तर 'डॉक्टरबाई म्हणाल्या भीती आहे' असं म्हणत घरी बसायचं नाही; १०८ लावायचा. नॉर्मल ईसीजी हा त्या दिवसाचा असतो, जन्माचा दाखला नसतो.

पहाटे तीनचं गूढ मात्र बऱ्यापैकी उलगडतं. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, रात्रीच्या उत्तरार्धात चढायला लागतं आणि उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं. गाढ झोपही तोवर सरलेली असते. एरवी माणूस त्या वेळी कूस बदलतो आणि झोपतो. तुमच्यासारख्या सावध झालेल्याचे डोळे टक्क उघडतात, आणि उघडले की समोर थकलेले हप्ते उभे. शरीराला पेटलेला पाइप आणि बँकेचा हप्ता यांतला फरक फारसा कळत नाही. फरक इतकाच की पाइप एकदा विझतो, हप्ता दर महिन्याला पेटतो. माळावर लांडगा निघून गेला की पाडस उठून आईला लुचतं. आपल्याला लांडगा नसतानाही त्याच्या तारखा पाठ असतात. हप्त्यांवर माझ्याकडे औषध नाही. पण बँकेत जाऊन एकदा मुदत वाढवून मिळते का हे विचारणं, टाळत असाल तर, तेही मोरीतून बाहेर येण्यासारखंच आहे. जाग आलीच तर घड्याळ बघू नका. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, दिवा मंद ठेवा, मोबाइल नको.

श्वासाचं सांगते, कारण धडधड सुरू झाल्यावर तुमच्या हातात असलेली ती एकच कळ आहे. हृदयाला तुम्ही 'हळू चाल' म्हणून सांगू शकत नाही, पण श्वास सोडताना ते आपोआप थोडं मंद चालतं, मेंदूतून निघणारी वेगस नस ते काम करते. म्हणून घ्यायचा त्यापेक्षा सोडायचा जास्त: चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, मिनिटाला साधारण सहा श्वास. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली रोझरीची प्रार्थना म्हणणाऱ्यांचे आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हीकडे श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. तुमच्या आईच्या तोंडी जे स्तोत्र असेल ते तिच्याशेजारी बसून सावकाश म्हणा. दृष्ट काढल्यानं नजर उतरते यावर माझा विश्वास नाही. पण आई समोर बसते, कपाळावरून हात फिरवते, घरात दोन मिनिटं कुणी बोलत नाही, त्यानं अंग सैल पडतं यावर आहे. काढू द्या तिला. फक्त तेवढ्यावर थांबू नका.

शिवाय, ॲड्रेनलिननं स्नायूंसाठी काढून ठेवलेली साखर बसून खर्च होत नाही. थंडीचे दिवस आहेत. सिद्धेश्वर तलावाला सकाळी अर्धा तास भराभर चाला. संध्याकाळनंतरचा चहा बंद.

आता माझं मुख्य औषध, ते तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. वहिनींना सांगा, मला रेग्युलेटर शिकवा. गॅस वापरात नसताना कळ फिरवून बंद करायची, रेग्युलेटर काढायचा, सिलिंडरला टोपी लावायची. पहिल्या दिवशी पाच वेळा. मग रोज. मग डोळे मिटून. पाइपवर छापलेली मुदत बघा, आणि जळका पाइप बदलला असेल तर तो कुणी बसवला तेही. एकदा तिघांनी मिळून तालीम करा, मुलीलाही घ्या: नुसता वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, मग बाहेर जाऊन १९०६ ला, गॅसच्या तातडीच्या मदतवाहिनीला, फोन. जाळ मोठा असेल तर चादर शोधत बसायचं नाही, माणसं बाहेर काढायची आणि १०१. वहिनींचं त्या रात्री जमलं, पण दर वेळी जाळात हात घालावा असं मी कुणालाच सांगणार नाही.

मग कुकर. पहिल्या दिवशी शिट्टी होईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसा, पण उठून जायचं नाही. छाती धडधडेल. धडधडू द्या, मिनिटं मोजा. तुम्ही पळाला नाहीत तर ती चढते, एका जागी थांबते आणि उतरते. उतरताना तुम्ही तिथंच असलं पाहिजे, सगळा खेळ तेवढ्याचा आहे. दोन-तीन दिवसांनी दारात, जिथं त्या रात्री उभे होतात तिथंच. आठवड्यानं ओट्याशी, आणि गॅस तुम्ही स्वतः बारीक करायचा.

हे करतानाही एका माणसाला भेटायचंच आहे. धोका टळून महिना उलटला, तरी तो प्रसंग डोळ्यांपुढं येत राहतो, माणूस आवाज-जागा टाळतो, झोप उडते, तेव्हा ते मानसोपचारतज्ज्ञांनी तपासायला हवं. पत्रावरून मी निदान करत नाही. पण यावर बोलण्याचे खास उपचार आहेत, ज्यात त्या रात्रीची आठवण हळूहळू, सुरक्षितपणे पुन्हा उलगडतात. गरज पडली तर सवय न लावणारी औषधंही आहेत. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. गोळी कशी सोडायची तेही तिथंच विचारा. जायला लाज वाटत असेल तर आधी १४४१६ ला फोन करा, ती टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. आम्ही हे वाक्य पावतीसारखं फाडून देतो, बाहेर रांग असते म्हणून. त्यांनी हृदय तपासलं, ते काम नीट केलं.

राहिला गड्डा. न्या मुलीला. पण यंदा होम मैदानाच्या मधोमध घुसू नका. पहिल्या वर्षी लांबून, जिथून आकाशातलं दिसतं आणि आवाज थोडा उशिरानं पोचतो, अशी जागा धरा. वहिनींना बरोबर घ्या. मुलीला आधीच सांगून ठेवा, "बाबाला आवाजानं दचकायला होतं, तू माझा हात धर." ती त्या रात्री तुमच्या मागं उभी होती, तिला सगळं दिसलेलं आहे, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पहिला बार झाला की छाती धडधडेल, निघावंसं वाटेल. त्याच क्षणी निघू नका, धडधड उतरली की मग वाटलं तर निघा. अगदीच नाही जमलं तर अर्ध्यातून परत या, पुढच्या वर्षी आहेच.

त्याआधी, नंदीध्वजांची मिरवणूक निघेल तेव्हा रस्त्यावर जाऊन उभे राहा. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं की तो शेवटचा हर्रऽऽ सगळ्यांपेक्षा लांबवा, छातीतली हवा संपेपर्यंत.